निकटचित्रण : फिल्मचे आणि डिजिटलचे

छायाचित्रणाची हौस असलेली चार माणसे एकत्र जमली, की फिल्मचा कॅमेरा श्रेष्ठ की डिजिटल, हा वाद हटकून निघतो. एका पक्षाला फिल्मच्या कणांत जिवंतपणा दिसतो. दुसऱ्या पक्षाला अंधारखोली, रसायनांचा वास आणि रोल धुऊन येईपर्यंतची प्रतीक्षा ह्यांतून सुटल्याचा आनंद लपवता येत नाही. निसर्गदृश्ये, समारंभ, व्यक्तिचित्रे ह्यांच्यापुरता हा वाद बहुतांशी आवडीनिवडीचा आहे आणि आवडीनिवडीच्या वादाचा निकाल कधी लागत नसतो. परंतु छायाचित्रणाचे एक क्षेत्र असे आहे, की तेथे ह्या दोहोंतील फरक निव्वळ रुचीचा राहत नाही. तो आकड्यांनी मांडता येतो. ते क्षेत्र म्हणजे निकटचित्रण. नथीतला मोती, नाण्यावरचे झिजलेले अक्षर, फुलपाखराच्या पंखावरचे खवले, जुन्या कागदावरचा मोडीचा फराटा अशा लहान वस्तूंची अगदी जवळून घेतलेली चित्रे ह्या सदरात मोडतात.

हा विषय आम्ही निवडला तो केवळ हौशी मंडळींसाठी नव्हे. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यानपिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या घरांत अजून कितीतरी गोष्टी पेट्यांत आणि कपाटांत पडून आहेत. मोडीतील पत्रे, वतनाचे कागद, पणजीची ठुशी, एखादा चांदीचा करंडा, पदर विरत चाललेले माहेश्वरी लुगडे, आणि कागदी पाकिटांत घातलेल्या जुन्या निगेटिव्ह. घरातील मुले आता चार शहरांत आणि दोन खंडांत विखुरली आहेत. वस्तू एक असते आणि वारस दहा असतात. कागद दरवर्षी थोडा अधिक ठिसूळ होतो. अशा वेळी वस्तूचे जवळून घेतलेले उत्तम चित्र हीच सर्वांना सारखी वाटता येईल अशी एकमेव वाटणी ठरते. म्हणून कोणता कॅमेरा घ्यावा आणि तो कसा वापरावा, हा प्रश्न घरगुती व्यवहाराचाही आहे.

‘जवळून’ म्हणजे किती जवळून?

निकटचित्रणात अंतराला महत्त्व नाही; महत्त्व आहे प्रमाणाला. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ × ३६ मिलिमीटर असते. समजा, २४ मिलिमीटर व्यासाचे एक नाणे आहे आणि त्याची प्रतिमा फिल्मवरही बरोबर २४ मिलिमीटर उमटली, तर ते चित्र १:१ प्रमाणाचे, म्हणजे मूळ आकाराचे झाले. प्रतिमा १२ मिलिमीटरची असेल, तर प्रमाण १:२. कागदावर पुढे ते चित्र कितीही मोठे छापा. हे प्रमाण भिंग आणि फिल्म ह्यांच्यातच ठरलेले असते. साधारणपणे १:१० पासून १:१ पर्यंतच्या टप्प्याला निकटचित्रण म्हणावे, आणि १:१ च्या आसपासच्या चित्रांना ‘मॅक्रो’ म्हणण्याचा प्रघात आहे.

पूर्वीच्या घरगुती कॅमेऱ्यांना हे क्षेत्र बंदच होते. बडोद्यास तयार होणारा आग्फाचा ‘क्लिक थ्री’ अनेक घरांत असे. त्याचे भिंग एका ठरावीक अंतरासाठी बसवलेले; दोन हातांवरील माणूससुद्धा त्यात धूसर दिसायचा, मग नथीची गोष्ट कशाला? दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात अडचण निराळी. त्यात पाहायचे वरच्या भिंगातून आणि चित्र उमटायचे खालच्या भिंगातून. दूरच्या दृश्यात हा दोन बोटांचा फरक जाणवत नाही. पण फूल वीतभर अंतरावर आले, की पाहिलेले फूल आणि मिळालेले फूल ह्यांत निम्मी पाकळी तरी कमी भरे.

खरी वाट मोकळी झाली ती एकभिंगी रिफ्लेक्स कॅमेऱ्यामुळे. त्यात जे दिसते तेच उमटते. जर्मन भिंगकार हाइन्झ किलफिट्ट ह्यांचे ‘मॅक्रो-किलार’ हे भिंग १९५५ साली आले. अशा कॅमेऱ्यांसाठी निकटचित्रणाकरिताच घडवलेले ते पहिले भिंग मानले जाते. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, जपानच्या निप्पॉन कोगाकू म्हणजे आजच्या निकॉन कंपनीने आपले पहिले ‘मायक्रो-निकॉर’ भिंग तयार केले. त्याच्या जन्माची कथा आपल्या प्रस्तुत विषयाला फारच जवळची आहे. जपानी दस्तऐवजांच्या सूक्ष्मफिती करायच्या होत्या आणि त्यांतील चिनी वळणाच्या अक्षरांत इतक्या बारीक रेघा दाटीने असतात, की साध्या भिंगाने त्या एकमेकींत मिसळून जात. म्हणजे निकटचित्रणाच्या एका सुप्रसिद्ध भिंगमालिकेचा उगम फुलापाखरांच्या हौसेतून झालेला नसून जुनी कागदपत्रे वाचनीय स्वरूपात टिकवण्याच्या गरजेतून झालेला आहे.

फिल्मच्या काळातील खटाटोप

अशी खास भिंगे सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यातली नव्हती. त्याने तीन युक्त्या शोधल्या होत्या, आणि त्या आजही तितक्याच उपयोगी आहेत.

पहिली युक्ती पूरक भिंगाची. हे भिंग चष्म्याच्या काचेसारखेच असते आणि त्याचा नंबरही चष्म्यासारखाच मोजतात. कॅमेऱ्याच्या भिंगावर अधिक दोन नंबरची काच चढवली, की अनंत अंतरावर लावलेला कॅमेरा अर्ध्या मीटरवर स्पष्ट पाहू लागतो. अधिक तीन नंबरने सुमारे ३३ सेंटीमीटरवर. दुसरी युक्ती भिंग आणि कॅमेरा ह्यांच्यामध्ये पोकळ कड्या किंवा भाता बसवून भिंग पुढे नेण्याची. ५० मिलिमीटरचे भिंग आणखी ५० मिलिमीटर पुढे नेले, की १:१ प्रमाण हाती येते. तिसरी युक्ती म्हणजे भिंग उलटे करून बसवणे. लहान वस्तूचे मोठे चित्र घेताना उलटे भिंग पुष्कळदा सुलट्यापेक्षा चांगले काम देते.

परंतु भिंग पुढे सरकले, की प्रकाश पातळ होतो. मूळ आकाराच्या चित्राला चौपट प्रकाश द्यावा लागतो. प्रकाशमापक यंत्राने एक-साठांश सेकंद सांगितला असेल, तर शटर एक-पंधरांश सेकंद उघडे ठेवायचे. त्यातून छिद्र लहान केलेले, उजेड खिडकीचा आणि फिल्म मंद. मग वेळ एक-दोन सेकंदांपर्यंत जाई. आणि इतक्या दीर्घ वेळात फिल्मची ग्रहणशक्तीच घटत असल्यामुळे हिशेबापेक्षा आणखी काही वेळ वाढवावा लागे. हा सर्व हिशेब वहीत मांडायचा, प्रत्येक चित्राचे छिद्र, वेळ आणि अंतर टिपायचे, ३६ चित्रांचा रोल पुरा होण्याची वाट पाहायची, तो धुऊन आणायचा, आणि मग कळायचे, की नेमका तिसऱ्या चित्रात कॅमेरा किंचित हलला होता.

त्या काळी पूर्व जर्मनीची ‘ओर्वो’ फिल्म आपल्याकडे सर्वत्र चाले. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स ह्या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्मही अनेकांनी वापरली. तो कारखाना पुढे बंद पडला. फिल्म स्वस्त कधीच नव्हती. त्यामुळे चुकलेल्या प्रत्येक चित्राचा दंड खिशाला बसे. निकटचित्रणात चुका इतर कोणत्याही प्रकाराहून अधिक होतात, म्हणून दंडही अधिक.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. हा खटाटोप हलका करण्यास डिजिटलच्या आधीच प्रारंभ झाला होता. भिंगातून आत आलेलाच प्रकाश मोजणारे कॅमेरे १९६० नंतरच्या दशकात आले आणि चौपटीचा हिशेब कॅमेराच करू लागला. ऑलिंपसच्या ‘ओएम-२’ कॅमेऱ्याने १९७५ साली त्यापुढचे पाऊल टाकले. चित्र उमटत असतानाच फिल्मवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजून तो फ्लॅशसुद्धा योग्य क्षणी थांबवू लागला. आज डिजिटलच्या खात्यावर जमा केल्या जाणाऱ्या अनेक सोयी वास्तविक फिल्मच्याच काळातील आहेत.

डिजिटलने काय दिले?

योगायोग असा, की त्याच १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन ह्या तरुण अभियंत्याने पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे चित्र १०० × १०० बिंदूंचे, म्हणजे अवघ्या दहा हजार बिंदूंचे होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज सर्वसाधारण कॅमेऱ्याच्या चित्रात दोन-अडीच कोटी बिंदू असतात. पण बिंदूंची संख्या ही डिजिटलची खरी देणगी नव्हे. निकटचित्रणाच्या दृष्टीने खऱ्या देणग्या चार आहेत.

पहिली, निकाल तत्काळ दिसतो. चित्र घेतल्याबरोबर पडद्यावर ते पाचपट-दहापट मोठे करून पाहता येते. हलले असेल, तर तेथल्या तेथे दुसरे घेता येते. चुकीचा दंड शून्यावर आला. शिकणाऱ्याला ह्याहून मोठी सवलत दुसरी कोणती असणार?

दुसरी, फोकस लावण्याची अचूकता. जुन्या दृष्टिकाचेवर छिद्र लहान केले, की काळोख होई आणि मोत्याचा कोणता भाग स्पष्ट आहे हे अंदाजाने ठरवावे लागे. आता पडद्यावर नेमका तेवढा भाग मोठा करून, त्यावरील धुळीचा कण पाहत फोकस लावता येतो.

तिसरी, प्रकाशाशी जुळवून घेण्याची लवचीकता. फिल्मची गती आणि तिचा रंगाचा कल रोलबरोबर ठरून येत असे. दिवसाच्या उजेडाची रंगीत फिल्म पिवळ्या दिव्याखाली वापरली, की चांदी सोन्यासारखी दिसायची. डिजिटलमध्ये गती आणि रंगाचा तोल दर चित्राला बदलता येतो.

चौथी देणगी सर्वांत मोठी. तिच्यामुळे फिल्मच्या काळी अशक्य असलेली गोष्ट शक्य झाली. ती समजण्यासाठी आधी निकटचित्रणाचा मूळ शत्रू कोण, हे पाहिले पाहिजे.

जे बदलले नाही ते

कोणतेही भिंग एका ठरावीक अंतरावरचीच वस्तू पूर्ण स्पष्ट दाखवते. तिच्या थोडे पुढे आणि थोडे मागे आपणांस स्पष्ट वाटते इतकेच. ह्या पट्ट्याला आपण स्पष्टतेची खोली म्हणू. २४ × ३६ मिलिमीटरच्या चौकटीत, छिद्र एफ-८ असताना, १:१० प्रमाणाच्या चित्रात ही खोली सुमारे पाच सेंटीमीटर असते. प्रमाण १:२ झाले, की ती सुमारे तीन मिलिमीटर उरते. आणि १:१ ला जेमतेम एक मिलिमीटर! म्हणजे नथीच्या पुढच्या मोत्याचा माथा स्पष्ट असेल, तर त्याची कड धूसर होणार.

छिद्र आणखी लहान करून एफ-१६ वर नेले, तर खोली दुप्पट होते, पण तेथे दुसरी अडचण उभी राहते. छिद्र फार लहान झाले, की प्रकाश त्याच्या कडेला वळून पसरतो आणि सगळेच चित्र थोडे मऊ पडते. १:१ प्रमाणाला भिंगावर लिहिलेले एफ-१६ प्रत्यक्षात एफ-३२ सारखे वागते. त्यामुळे हे मऊपण लवकर येते. हा प्रकाशाचा स्वभाव आहे. तो फिल्मपुढे जसा होता तसाच संवेदकापुढेही आहे. सर्वांत महागडा कॅमेरा घेतला, तरी ह्या कायद्यातून सुटका नाही.

मात्र डिजिटलने त्याला वळसा घातला. वस्तू आणि कॅमेरा जागीच ठेवून फोकस केसभर पुढे सरकवत वीस-पंचवीस चित्रे घ्यायची आणि संगणकाने प्रत्येक चित्रातील स्पष्ट तेवढाच भाग निवडून त्यांचे एक चित्र करायचे, ही पद्धत आज हौशी माणसालाही साध्य आहे. काही कॅमेरे हे सरकवण्याचे काम आपण होऊन करतात. त्यामुळे पुढच्या मोत्यापासून मागच्या फासापर्यंत सारी नथ स्पष्ट असलेले चित्र मिळू शकते. फिल्मवर एका चौकटीला एकच प्रतिमा. तेथे हा मार्ग व्यवहारात नव्हताच. अट एवढीच, की वस्तू निश्चल हवी. वाऱ्याने डुलणाऱ्या फुलाला ही युक्ती लागू पडत नाही.

फिल्मची बाजू

इतके वाचल्यावर फिल्मची बाजू संपली असे कोणास वाटेल, पण तसे नाही.

चांदीच्या भांड्यावर खिडकीचा उजेड पडला, की एखादी कड लखलखते. निगेटिव्ह फिल्म अशी लकाकी हळूहळू पांढरीकडे नेते; तिच्यात थोडाफार तपशील शिल्लक राहतो. डिजिटल संवेदक मर्यादेपर्यंत प्रामाणिकपणे नोंद घेतो आणि मर्यादा ओलांडताच कोरा पांढरा डाग देतो. त्यातून काहीही परत मिळवता येत नाही. म्हणून डिजिटलमध्ये दागिन्यांचे चित्र घेताना थोडे काळोखे घेऊन नंतर उजळणे हिताचे. (हा गुण निगेटिव्हचा, स्लाइडची फिल्म ह्या बाबतीत डिजिटलइतकीच हट्टी होती.)

दुसरी गोष्ट धुळीची. फिल्मच्या दर चौकटीला नवा कोरा पृष्ठभाग मिळतो. डिजिटलमध्ये संवेदक एकच. त्यावर बसलेला कण पुढच्या प्रत्येक चित्रात त्याच जागी उमटतो आणि निकटचित्रणासाठी छिद्र लहान केले, की तो अधिकच ठळक होतो.

तिसरी गोष्ट सवयीची आहे आणि आमच्या मते तीच सर्वांत मोलाची. रोलमध्ये चौकटी मोजक्याच असल्याने छायाचित्रकार आधी वस्तूकडे पाही. प्रकाश कोठून येतो, कोणती बाजू बोलकी आहे, मागे काय दिसते हे ठरल्यावरच त्याचे बोट कळीवर जाई. आज शंभर चित्रे घेऊन त्यांतून एक निवडू असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण न पाहता घेतलेल्या शंभर चित्रांत निवडण्यासारखे एकही नसते, असा अनुभव त्यांनाच येतो. म्हणून ज्यांच्याकडे जुना कॅमेरा चालू स्थितीत असेल, त्यांनी वर्षातून एक रोल तरी वापरावा. फिल्म आजही मिळते. पेंटॅक्स कंपनीने तर २०२४ साली ‘पेंटॅक्स १७’ हा फिल्मचा अगदी नवा कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या निकटचित्रणाचे अंतर २५ सेंटीमीटर आहे आणि ते मोजण्यासाठी कॅमेऱ्याचा मनगटी पट्टाच ताणून धरता येतो! जुन्या काळी दोरीला गाठ मारून अंतर मोजणाऱ्यांना हे वाचून गंमत वाटेल.

खिशातील कॅमेरा

बहुसंख्य वाचकांपाशी कॅमेरा म्हणजे भ्रमणध्वनीच असणार. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. त्याचा संवेदक अगदी लहान असल्यामुळे त्याला मोठ्या प्रमाणाची गरज पडत नाही आणि म्हणून एकाच चौकटीत स्पष्टतेची खोली पुष्कळ मिळते. २०२१ नंतरचे काही फोन दोन सेंटीमीटरवरूनही स्पष्ट चित्र घेतात. पण इतक्या जवळ गेले, की फोनची सावली वस्तूवर पडते, आणि रुंद भिंगामुळे पुढचा भाग फुगल्यासारखा दिसतो. अंगठी वाटोळी असूनही लांबट भासते. ह्यावर उपाय सोपा आहे. थोडे मागे सरावे, दोनपट भिंग असल्यास ते वापरावे, आणि फोन हातात न धरता पुस्तकांच्या दोन चळतींवर टेकवून वेळ लावून चित्र घ्यावे.

प्रकाशाची मांडणी

कॅमेरा कोणताही असो, चित्र चांगले की वाईट हे पुष्कळ अंशी प्रकाशावर ठरते. येथे फिल्म आणि डिजिटल ह्यांत काडीचाही भेद नाही.

नाणे, ताम्रपट, कोरीव भांडे अशा उठावाच्या वस्तूंना प्रकाश एका बाजूने, जवळजवळ जमिनीलगत द्यावा. झिजलेली अक्षरे सावलीमुळे उठून दिसतात. दिवा वस्तूभोवती हळूहळू फिरवून पाहिला, तर एका विशिष्ट कोनात न वाचता येणारे अक्षर एकाएकी वाचता येते.

दागिन्यांना ह्याच्या उलट. सोने आणि चांदी आरशासारखी असतात; खोलीत जे जे आहे ते त्यांत दिसते, छायाचित्रकाराचा सदरासुद्धा. म्हणून वस्तूभोवती पांढऱ्या पातळ कापडाचा किंवा बटरपेपरचा लहानसा तंबू करावा आणि उजेड बाहेरून द्यावा. कॅमेऱ्यापुढे काळा कागद धरून त्याला भिंगापुरते भोक पाडावे, म्हणजे कॅमेऱ्याचे प्रतिबिंब येत नाही. मोत्याला मात्र एखादी लकाकी ठेवावी. ती नसेल, तर मोती खडूच्या गोळीसारखा दिसतो.

विणकामाचे, मग ते माहेश्वरीचे काठ असोत वा चंदेरीची बुट्टी, चित्र घेताना प्रकाश तिरका आणि सौम्य असावा. धागा न् धागा दिसला, तर तेवढ्या चित्रावरून जाणकार विणकराला नमुना पुन्हा बसवता येतो.

जुन्या कागदांसाठी दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांच्या कोनात सारखा उजेड हवा. कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये. मधोमध पांढरा डाग पडतो. कॅमेरा कागदाशी तंतोतंत समांतर असावा. त्यासाठी जुनी युक्ती अशी : कागदाच्या जागी लहान सपाट आरसा ठेवावा आणि कॅमेऱ्यातून पाहावे. भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर दिसले, की कॅमेरा समांतर आहे. ६००० × ४००० बिंदूंच्या कॅमेऱ्याने ३० × २० सेंटीमीटरचा कागद चौकटभर घेतला, तर दर सेंटीमीटरला २०० बिंदू मिळतात. बोरूच्या टाकाची धार आणि शाई कोठे नव्याने घेतली हेही त्यात दिसते. मोडीत ओळीची आडवी रेघ आधीच ओढून लेखणी न उचलता अक्षरे लिहीत जात. त्यामुळे वाचणाऱ्याला जोडणीचा प्रत्येक वळसा स्पष्ट हवा असतो. कागद लांब गुंडाळीचा असेल, तर तो टप्प्याटप्प्याने घ्यावा आणि दर चित्रात आधीच्या चित्रातील दोन ओळी पुन्हा येऊ द्याव्यात. घड्या ताणून उलगडू नयेत. चित्रासाठी कागद फाटला, तर सगळाच उद्योग व्यर्थ झाला.

बागेतील किडे-फुलपाखरे टिपणाऱ्यांसाठीही एक शब्द. पूर्वी कीटकाची ओळख पटवण्यासाठी त्याला मारून टाचणीला लावावे लागे. आज स्पष्ट निकटचित्रावरून पुष्कळ जाती ओळखता येतात आणि अशा चित्रांच्या नोंदी अभ्यासकांना उपयोगी पडतात. परंतु चित्र सोपे जावे म्हणून कीटकाला शीतकपाटात ठेवून गारठवणे हा प्रकार निंद्य होय. सकाळी लवकर, दव असताना, तो आपण होऊनच स्वस्थ बसलेला असतो.

जेथे दोघांची गाठ पडते

फिल्म आणि डिजिटल ह्यांच्या वादाचा खरा समेट आम्हांस दिसतो तो जुन्या निगेटिव्हच्या बाबतीत. ३५ मिलिमीटर निगेटिव्हची चौकट २४ × ३६ मिलिमीटर, आणि पूर्ण आकाराच्या डिजिटल संवेदकाचीही जवळजवळ तेवढीच. म्हणजे १:१ प्रमाणाच्या भिंगाने निगेटिव्हचे निकटचित्र घेतले, की ती संवेदकावर काठोकाठ बसते. क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याची चौकोनी निगेटिव्ह ५६ मिलिमीटरची. तिला १:२ प्रमाणाचे भिंगही पुरते.

कृती अशी : निगेटिव्ह सपाट, एकसारख्या पांढऱ्या उजेडाच्या पाटीवर ठेवावी. पाटी नसेल, तर फोनचा कोरा पांढरा पडदा चालतो. मात्र निगेटिव्ह त्याच्यापासून दोन-तीन बोटे वर उचललेली हवी, नाहीतर पडद्याचे ठिपके चित्रात उमटतात. खोलीत अंधार करावा. निगेटिव्ह कडेला धरूनच हाताळावी आणि धूळ ब्रशने हलकेच काढावी. छिद्र एफ-८ च्या आसपास ठेवावे. मिळालेले चित्र संगणकावर उलटवले, की पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे चेहरे पुन्हा पाहता येतात.

ह्यात उशीर करणे बरे नाही. जुन्या ॲसिटेट फिल्म दमट उष्ण हवेत कुजू लागतात; पाकीट उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ती निगेटिव्ह इतरांपासून तत्काळ वेगळी करावी आणि तिचे चित्र सर्वांआधी घ्यावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही फिल्म नायट्रेटच्या, अतिशय ज्वालाग्राही असत. त्या जाणकाराला दाखवाव्यात. न धुतलेला जुना रोल सापडला, तर तोही ठेवून देऊ नये. बारीक कणांसाठी निकटचित्रकारांची आवडती असलेली ‘कोडाक्रोम’ फिल्म २००९ साली बंद झाली, आणि ती धुणारी अमेरिकेतील पार्सन्स गावची शेवटची प्रयोगशाळा ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रोल घेत होती. तो दिवस उलटल्यावर घरोघरी राहिलेल्या कोडाक्रोमच्या रोलमधील रंग परत मिळणे जवळजवळ संपले.

डिजिटल चित्र अमर आहे असेही समजू नये. निगेटिव्ह वर्षानुवर्षे हळूहळू खराब होते. संगणकाची तबकडी एका क्षणात सर्व चित्रांसह बंद पडते. म्हणून प्रत्येक चित्राच्या निदान दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत असाव्यात, आणि निवडक चित्रे कागदावर छापून ठेवावीत. मूळ निगेटिव्हही फेकू नये. कागदी पाकिटात, कोरड्या थंड जागी ठेवावी.

आता मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर. घरातील वस्तू, कागद आणि निगेटिव्ह ह्यांची नोंद करायची असेल, तर निःशंकपणे डिजिटल कॅमेरा वापरावा. तो हाती नसेल, तर फोन. ज्याला पाहण्याची शिस्त अंगी आणायची आहे, त्याने फिल्मचा एक रोल जरूर वापरावा. आणि दोहोंसाठी एक गोष्ट सारखीच. वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवून एक चित्र घ्यावे, आणि त्याच दिवशी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे, की ही ठुशी कोणाची, कोणत्या लग्नात आली, हे पत्र कोणी कोणाला धाडले, ह्या निगेटिव्हमधील उजवीकडची मुलगी कोण. मोत्यावरचा ओरखडा कोणताही चांगला कॅमेरा टिपतो. नाव मात्र टिपत नाही. ते सांगणारी माणसे घरात आहेत, तोवर हे काम उरकलेले बरे.